काठीची गोफण

ईशा, निहार, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. जोडाक्षरं अडली तर आईला विचारा, आणि तिलाही अडली तर तिने मला फोन करावा. गेल्या रविवारी ईशाने सांगितलं की नव्या सरांनी तिला पोहताना हात मारण्याची पद्धत बदलायला लावली आहे आणि तेव्हापासून ती मागे पडते. "आधी मी तिसरी यायची, आता माझ्या मागे कोणीच नसतं," एवढं बोलून ती व्हिडिओ कॉलवरून उठून गेली. इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्यावर एक गोष्ट मला नक्की कळली आहे, रडवेल्या मुलीला त्याच मिनिटाला काही समजावू नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले, तर तारेच्या कुंपणापलीकडे ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर आलेली आणि तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरलेले. एक थवा उठला की दुसरा बसत होता. दोन वर्षांपूर्वीचा पौष एकदम समोर उभा राहिला. त्या वर्षी मीही शेवटची येत होते.

नगरला गोल्फचं मैदान आहे, हे तिकडे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे, माझ्या तोंडातून मात्र अजून नगरच येतं. तुम्ही टीव्हीवर पाहता तसली मखमल आमच्याकडे नाही. छावणीच्या कडेला नऊ खड्ड्यांचं मैदान, पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं आणि होळीनंतर नुसती काळी माती. ती माती उन्हाने अशी तडकते की चेंडू भेगेत जाऊन दिसेनासा होतो. म्हणून आमच्याकडे वेगळा नियम आहे, भेगेत गेलेल्या चेंडूला दंड नाही. खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेली वाळू असते. तिला सगळे ब्राउन म्हणतात. तिथलं खेळणं झालं की दांड्याला बांधलेलं गोणपाट ओढून आपल्या पावलांचे ठसे पुसायचे आणि मागून येणाऱ्यांना कोरी वाळू ठेवायची. थंडीत सकाळी त्या वाळूला वंगणाचा वास येतो. मला तो कधी आवडला नाही. तुमच्या आबांना आवडतो, कारण त्यांची सगळी नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, लेथच्या आवाजात आणि त्याच वासात गेली.

खेळ मला आबांनी शिकवला. मी तेव्हा पन्नाशीला आले होते आणि तुमची आई शिकायला बाहेर गेली होती. आबांची शिकवण्याची पद्धत कारखान्यातली. पाय इथे, मान खाली, आणि उजव्या हाताने हाण. मी हाणत राहिले. नऊ खड्ड्यांना साधारण चोपन्न फटके लागायचे, आणि या वयाच्या बाईला ते पुष्कळ बरे समजले जात. प्रत्येक सोमवार-गुरुवारचं कार्ड मी फाईलला लावत असे. आबा म्हणत, घरात दोन फायली नीट आहेत, एक घरपट्टीची आणि एक हिच्या फटक्यांची.

पण खरी गोष्ट फटक्यांची नव्हती, ती तुम्हाला सांगते. आबा घरात बोलत नाहीत. निवृत्तीनंतर तर सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या. विचारलं तर उत्तर देतात, स्वतःहून काही सांगत नाहीत. मैदानावर मात्र, पहिला फटका मारून चालायला लागलो की कुठूनतरी बोलणं सुरू होतं. तुमची आई लहानपणी कशी होती, कारखान्यात संपाच्या दिवसांत काय झालं, निहारचे कान कोणावर गेले आहेत. एकमेकांकडे न बघता, शेजारी चालत, समोरच्या बाभळीकडे बघत. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांतलं निम्मं बोलणं त्या नऊ खड्ड्यांमधल्या पायवाटेवर झालेलं असेल. त्यामुळे ते सकाळचं चालणं मला कशापेक्षाही जास्त हवं होतं.

तर त्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे डबे वरच्या फळीवरून काढताना माझा उजवा खांदा कळ मारून थांबला. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना. डॉक्टरीण बाईंनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, रोज काय काय करते ते विचारलं आणि गोल्फ ऐकल्यावर काठी कशी मारते ते छत्री हातात देऊन करून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या की इतकी वर्षं तुम्ही सगळा भार एकट्या खांद्यावर टाकला आहे, आता मारायची पद्धत तरी बदला नाहीतर खेळ तरी सोडा.

मी नीटनेटकी बाई. मी इंग्रजी पुस्तकं मागवली, व्हिडिओ पाहिले, आणि वहीत नव्या स्विंगचे, म्हणजे काठी फिरवण्याच्या चालीचे, अकरा मुद्दे काढले. कंबर आधी वळवायची, डावा हात सरळ, वजन या पायावरून त्या पायावर, मनगट अमुक वेळी. काठी उचलल्यापासून चेंडूला लागेपर्यंत फार तर दीड सेकंद. त्यात अकरा मुद्दे. मुद्दा क्रमांक सातपर्यंत मी पोचायचे तोवर चेंडू घाणेरीच्या झुडपात गेलेला असे, किंवा तिथेच माझ्या पायाशी बसून असे आणि मातीचं ढेकूळ पुढे उडालेलं असे. पहिल्या आठवड्यात एकसष्ट फटके. मग पासष्ट. मग एका गुरुवारी एकाहत्तर. ते कार्डही मी फाईलला लावलं, कारण लावायची पद्धत होती.

आबांना ते बघवेना. आधी त्यांनी समजावलं, जुनंच बरं होतं, थोडं दुखलं तर दुखलं, मारण्याआधी मलम लाव. मग ते गप्प झाले. चालताना पुढे पुढे जाऊ लागले. मी झुडपात चेंडू शोधत असताना ते ब्राउनवर घड्याळ बघत उभे राहत, मागून येणाऱ्यांना हाताने पुढे जायला सांगत. एकदा चौथ्या खड्ड्यावर मी तीनदा हवेतच काठी फिरवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी शिकवलेलं एवढं वाईट होतं का, सुधा?"

मी डॉक्टरीण बाईंचं नाव पुढे केलं. त्यांना डॉक्टरांचं ऐकायचं नव्हतं. पुढच्या सोमवारी ते त्यांच्या जुन्या मित्रांबरोबर खेळायला गेले. मला सांगूनच गेले, रागाने नाही. म्हणाले, तू तुझं सावकाश कर. गुरुवारीही गेले. घरी आल्यावर कोण कसं खेळलं ते मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी मनाशी ठरवलं की होळीपर्यंत बघायचं. तोपर्यंत चोपन्नच्या आसपास आले तर ठीक, नाहीतर काठ्या कापडात गुंडाळून माळ्यावर. आपण परत नीट खेळायला लागलो की हा माणूस परत शेजारी चालायला लागेल, असं साधं गणित मी मांडलं होतं.

आता शेवंताबाई. मैदानावर गवत कापायला आणि ब्राउन सारखे करायला पाच-सहा बायका आहेत, त्यांतल्या त्या सगळ्यांत जुन्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. कुंपणापलीकडची दीड एकर ज्वारी त्यांचीच. सकाळी मैदानावर काम, मधल्या वेळात तारेखालून वाकून पलीकडे जायचं, पाखरं हाकलायची, परत यायचं. इतकी वर्षं आमचं बोलणं नमस्कारापुरतं. त्या "जय भीम म्याडम" म्हणत, मीही जय भीम म्हणे, आणि पुढे जाई. आता मी एकटीच असल्यामुळे आणि माझा चेंडू वारंवार त्यांच्या पायाशी येत असल्यामुळे बोलणं वाढलं.

एका सकाळी मी सहाव्या खड्ड्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, अकरा मुद्दे मनात म्हणत उभी होते. त्या गवतात विळा टेकवून माझ्याकडे बघत बसल्या होत्या. मी मारला, चेंडू उजवीकडे बाभळीत गेला. त्यांनी विचारलं, सायेब आजकाल संगं न्हाईत व्हय. मी म्हटलं, माझं खेळणं बिघडलंय, त्यांचा वेळ जातो. त्यांनी विळ्याला चिकटलेलं गवत पुसलं आणि म्हणाल्या, एक इचारू का, राग मानू नका, हितं लगीन होऊन आले तवापास्नं इचारायचं ऱ्हाऊन गेलंय. "तुमी समदे हितं गोफन मारायला येता, पर राखन कशाची करता? पाखरं तर हिकडं एक बी न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग उलगडा झाला. लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा त्यांच्या सासूने सांगितलं होतं, ते सायबांचं गोफनीचं मैदान. गोल्फ हा शब्द त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता. सबंध गाव या जागेला गोफनीचं मैदानच म्हणतं. साहेब लोकांची गोफण काठीची असते, दगड गोल पांढरा असतो, आणि ती मारताना ते टोप्या घालतात, एवढंच त्यांना नवल वाटायचं. मी हसले तशा त्याही हसल्या, तोंडावर पदर घेऊन. मी नीट समजावून सांगितलं की हा खेळ आहे, त्याचं नाव गोल्फ, कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खड्ड्यात घालायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नाव काय बी असू द्या, चाल गोफनीचीच हाय.

"आन् तुमी गोफन हातानं मारताय म्याडम. हातानं फेकायचं अस्तं तर मानसानं गोफन कशापायी केली अस्ती?"

ईशा, तुझ्या आजीने तोवर तीन पुस्तकं वाचली होती.

त्या मला तारेखालून पलीकडे घेऊन गेल्या. माझी साडी अडकली ती त्यांनीच सोडवली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पानांवर दव, कणसांना तो कोवळ्या दुधाचा गोडसर वास. मधे चार बांबूंचा माळा. माळ्यावर त्यांची गोफण ठेवलेली. सुताची विणलेली, मधे तळहाताएवढा पट्टा, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीची गाठ बोटात अडकवायची, ती कधी सुटत नाही. दुसरी नुसती धरायची. पट्ट्यात ढेकूळ ठेवून त्यांनी डोक्यावर एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि धरलेली दोरी सोडली. फट असा आवाज झाला आणि शेताच्या पार टोकाला भोरड्यांचा ढग उठला. त्यांचा खांदा हललासुद्धा नव्हता. वळली होती ती कंबर, आणि हात तिच्यामागून गेला होता. म्हणाल्या, दगुड जड अस्तो, त्याला जायाचंच अस्तं, आपन निस्तं वळायचं आन् येळंवर सोडायचं.

अकरा मुद्द्यांतले नऊ त्या एका वाक्यात होते. उरलेले दोन, मला आता वाटतं, नसते तरी चाललं असतं.

मी त्या दिवशी दहा-बारा ढेकळं फेकली. दोन माळ्याला लागली, एक माझ्याच पाठीत. पण शेवटचं एक गेलं, फार लांब नाही, पण आवाज झाला. मग दर सोमवारी मी आधी पलीकडे जायची, चार-सहा ढेकळं फेकायची, आणि मग तीच चाल अंगात धरून टीवर उभी राहायची. वही घरी ठेवली. फटके लगेच कमी झाले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालं नाही. एकाहत्तरवरून अडुसष्ट, परत सत्तर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा ठणकत नव्हता. आणि अधूनमधून, सबंध सकाळीत एखादाच फटका असा लागायचा की हाताला काही कळायचंच नाही, फक्त आवाज यायचा आणि चेंडू दूर कुठेतरी उतरलेला दिसायचा. जुन्या पद्धतीत असा फटका मला वीस वर्षांत एकदाही लागला नव्हता. जुन्या पद्धतीत प्रत्येक फटका हाताला कळायचा.

राखण कशाची करता, हा त्यांचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले. स्वयंपाक करताना तो आठवायचा. मी चोपन्न या आकड्याची राखण करत होते, फाईल लावून, तारखा घालून. आबा त्यांच्या शिकवण्याची राखण करत होते. तुमची आई शिकायला गेल्यानंतर त्या रिकाम्या घरात त्यांनी मला हातात काठी देऊन उभं केलं होतं, आणि मी ती शिकवण आता वहीतल्या मुद्द्यांनी खोडत होते. त्यांना ते लागणारच. हे कळल्यावर मला चौथ्या खड्ड्यावरच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, पण ते सांगायला चालण्याची जागा नव्हती. जेवणाच्या टेबलावर आम्हाला असलं बोलता येत नाही.

मग शेवंताबाईंनी हुरड्याला बोलावलं. दोघांनी यायचं, सायबांना घेऊन या, असं दोनदा बजावलं. आबांनी हुरड्याला नाही म्हणणं शक्य नाही. रविवारी सकाळी आम्ही गेलो. बांधाजवळ आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. शेवंताबाई गरम कणीस हातावर चोळून दाणे काढत होत्या, फुंकर मारून कोंडा उडवत होत्या. तिळाची चटणी, दही, गूळ. आबांनी भरपूर खाल्लं आणि थव्यांकडे बघत म्हणाले की गोफण त्यांनी लहानपणी आजोळी पुष्कळ मारली आहे. शेवंताबाईंनी गोफण त्यांच्या हातात दिली.

ते माळ्यावर चढले. पाय रोवले, मान खाली घातली, आणि उजव्या हाताने जी हाणली, की ढेकूळ मागे सुटलं आणि आगटीजवळच्या दह्याच्या पातेल्यात पडलं. मी खाली बघत राहिले. शेवंताबाई पदराने हातावरचं दही पुसत शांतपणे म्हणाल्या, "सायेब, पाखरं म्होरं हायत."

आबांनी मागे वळून पातेल्याकडे पाहिलं. मग हसायला लागले. इतके हसले की माळा हलायला लागला आणि त्यांना बांबू धरून खाली बसावं लागलं. मग त्यांनी गोफण माझ्याकडे दिली. मला वाटतं माझी फजिती बघावी एवढाच त्यांचा हेतू असेल. मी माळ्यावर चढले, दोन वेढे दिले आणि सोडलं. फट वाजलं. थवा उठला, सगळा नाही, कडेचा थोडा. आबांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग विचारलं, दुखलं का. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच नाही. मी हात वर करून दाखवला, कानापाशी, सरळ.

सोमवारी सकाळी मी माझी काठ्यांची पिशवी घेऊन दारात आले तर ते बूट घालून बसलेले होते. त्यांच्या मित्रांची वेळ सातची, आणि घड्याळात सव्वासहा वाजले होते. "चल, ऊन होईल," एवढंच म्हणाले. पौषात कसलं ऊन होतंय, पण मी पायात बूट सरकवले.

त्या दिवशी माझे सदुसष्ट फटके झाले. तिसऱ्या खड्ड्यापाशी माझा चेंडू घाणेरीत गेला तेव्हा ते माझ्याबरोबर झुडपात शिरले, काठीने फांद्या बाजूला करत. तिथेच, चेंडू शोधता शोधता, मी त्यांना सांगितलं की तुम्ही शिकवलं नसतं तर माझ्याजवळ बदलायला काहीसुद्धा नसतं. ते खाली वाकलेले होते. चेंडू उचलून माझ्या हातात देत म्हणाले की भेगेत होता, दंड नाही. मला तिथे भेग दिसली नव्हती. मी चेंडू घेतला. आणि मग आम्ही चालायला लागलो आणि ते निहारच्या कानांबद्दल बोलायला लागले.

ईशा, तुझे सर बरोबर आहेत की नाही मला माहीत नाही. नवं म्हणून ते बरोबरच असतं असं मी सांगणार नाही. मैदानावर काही जणांना मी उगाच बदल करून खेळ घालवून बसलेलं पाहिलं आहे. मी एवढंच सांगू शकते की शेवटची येण्याचे ते दोन-अडीच महिने आता आठवले की मला लाज वाटत नाही. उलट त्या हिवाळ्याचे माझ्यावर उपकार आहेत. मी चोपन्नवरच राहिले असते तर तारेच्या पलीकडे कधी गेले नसते. वीस वर्षं जिच्या शेजारून चालत होते त्या बाईचा आवाज मला कळला नसता. आणि हेही खरं की तुझ्या आबांना एवढं हसताना मी कदाचित पुन्हा पाहिलं नसतं. पोहणं सोडायचं असेल तर सोड, पण शेवटच्या नंबराला घाबरून सोडू नकोस. तिथून दिसतं ते पुढच्यांना दिसत नाही, त्यांना मागे वळून बघायला फुरसत नसते.

यंदा शेवंताबाईंनी पाखरांसाठी चकचकीत फिती बांधल्या आहेत. सुनेने आणल्या. वाऱ्याने त्या फडफडतात, आणि भोरड्या पहिले दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी फितीवरच येऊन बसल्या. गोफण अजून माळ्यावर असते. मैदानावरची नवी मंडळी गोल्फ म्हणतात, गाव अजून गोफनीचं मैदान म्हणतं, आणि मीही आता रिक्षावाल्याला तेच सांगते, कारण त्याला तेच कळतं.

माझं कार्ड परत कधी चोपन्नवर आलं नाही. एकोणसाठ-साठ होतात, एखाद्या वाईट दिवशी चौसष्ट. आबा अजून उजव्या हाताने हाणतात आणि संध्याकाळी माझ्याकडून पाठ चोळून घेतात. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं निघतो आणि नऊही खड्डे शेजारी शेजारी चालतो.